एक नाही, दोन नाही

चंद्रपूर जिल्ह्यातल्या मूल या गावी माझी बदली झाली तेव्हा ऐंशी साल नुकतंच उलटलं होतं. स्टँडवर उतरून सायकलरिक्षानं शाळेकडे निघाले, तर बाजाराच्या वळणावर एक पाटी दिसली. सागवानाची चांगली दोन पुरुष लांब फळी आणि तिच्यावर छिन्नीनं कोरलेली अक्षरं: ‘बहुउद्देशीय ज्यू समाज केंद्र, मूल’. पाटीमागे बंद पडलेल्या राईस मिलचं गोदाम होतं, पण भिंती चुन्यानं लख्ख आणि दारं सताड उघडी. आत लग्नाची पंगत बसली होती.

मी रिक्षावाल्याला विचारलं, “ज्यू समाज पुष्कळ दिसतो इथं?”

त्यानं पायडल थांबवलं. “नाई जी, एकच हाये.”

मला वाटलं, एकच मोहल्ला आहे म्हणतो. आठवड्याभरानं कळलं की एकच माणूस आहे.

तो माणूस म्हणजे साहेब. गावात तहसीलचे साहेब होते, बँकेचे साहेब होते, पण नुसतं ‘साहेब’ म्हटलं की सगळ्यांना हेच कळायचे. जंगल खात्याच्या लाकूड डेपोत तीस वर्षं काढून निवृत्त झालेले. उंच, सडपातळ, कान मोठे, डोक्यावर घट्ट बसलेली छोटी काळी टोपी. मूळचे अलिबागकडचे, बेने इस्रायल. त्यांचे पूर्वज फुटलेल्या गलबतातून कोकणच्या किनाऱ्याला लागले, तेलाचा घाणा चालवू लागले आणि शनिवारी घाणा बंद ठेवतात म्हणून लोक त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणू लागले, ही हकीकत मी त्यांच्या तोंडून चाळीस वेळा तरी ऐकली असेन. दर वेळी शेवट एकच.

“सात जोडपी वाचली होती, मास्तरीणबाई. सात जोडप्यांवर आम्ही दोन हजार वर्षं काढली. मूलमध्ये एकावर भागणार नाही का?”

“भागेल की,” मी म्हणायचे. त्यांच्याशी वाद घालून मी फारशी कधी जिंकले नाही.

आमच्याकडे गावात हॉल उभा राहतो तो कुठल्या ना कुठल्या समाजाचा. साहेबांना हॉल हवा होता सगळ्या गावासाठी. जागा पंचायतीची, आणि अर्जात रकाना होता, ‘कोणत्या समाजाच्या धार्मिक व सामाजिक उपयोगासाठी’. साहेबांनी आयुष्यात कागदावर खोटं लिहिलेलं नव्हतं. त्यांनी आपला समाज लिहिला. बाबूनं न वाचता शिक्का मारला आणि जागा मिळाली.

मग त्या गोदामात जे जे म्हणून चालायचं! सकाळी बालवाडी. माझी शाळा सकाळची, म्हणून दुपारी बायांचा शिवणवर्ग मी घ्यायचे. संध्याकाळी वाचनालय. दिवाळीनंतर मंडईचे, म्हणजे गावोगावच्या जत्रांचे, दिवस जवळ आले की झाडीपट्टीच्या नाटकांच्या तालमी, आणि मग शिवणवर्गाच्या यंत्रांवर राजे-महाराजांचे अंगरखे पडलेले असायचे. उन्हाळ्यात लग्नं, कुणाचीही. ज्या सतरंजीवर काल त्रिशरण-पंचशील झालं, तिच्यावरच आज मंगलाष्टकं. साहेब दारात खुर्ची टाकून बसायचे आणि येणाऱ्या प्रत्येकाला म्हणायचे, “या, आपलाच हॉल आहे.”

माझे वडील एकदा मला भेटायला आले. छप्पन साली दीक्षा घेतलेला कडक माणूस. हॉल त्यांनी या टोकापासून त्या टोकापर्यंत चालून पाहिला. “ज्याचा समाज एक, त्याचं भवन एवढं मोठं,” ते शेवटी म्हणाले. “आपला समाज एवढा मोठा, अन्‌ विहार अजून टिनाचाच.” गावी परत गेल्यावर त्यांनी पहिली बैठक विहाराच्या बांधकामाची बोलावली.

डेपोतली एक सवय साहेबांना निवृत्तीनंतरही सुटली नव्हती. ओंडका भरीव आहे की आतून पोकळ, हे ते बोटाच्या पेरानं ठोकून ओळखायचे. मग टेबल ठोक, दार ठोक, टरबूज ठोक. एका लग्नात नवरदेवाच्या खांद्यावर टकटक करून मुलीच्या बापाला म्हणाले, “भरीव आहे, द्या बिनधास्त.” नवरदेव बिचारा अक्षता पडेपर्यंत ताठ उभा होता.

शनिवारी ते काडी ओढत नसत, बटण दाबत नसत, पेन हातात धरत नसत. दुसऱ्याला तसं करायला सांगायचंही नाही, असा त्यांचा नियम. संध्याकाळ झाली की नुसतं म्हणायचे, “आज अंधार जरा जास्तच आहे वाटतं.” कुणीतरी समजून उठायचं आणि दिवा लावायचं. एकदा मी मुद्दाम उठले नाही.

“हो, जास्तच आहे,” मी म्हणाले.

“आहे ना?” ते म्हणाले.

आम्ही दोघं पाऊण तास तसेच अंधारात बसलो. शेवटी डास चावले म्हणून मीच उठले.

पण त्यांची खरी खोड होती मोजण्याची. साहेब माणसं मोजत नसत. पोती मोजतील, ओंडके मोजतील, पण माणसावर बोट रोखून एक-दोन-तीन म्हणायचं नाही, असं त्यांच्या आजीनं शिकवलेलं. मोजलं की नजर लागते आणि एखादं माणूस कमी होतं. आता पंगतीला पानं किती मांडायची हे कळायला मोजावं तर लागतंच. मग ते दारात उभे राहून मोजायचे, “एक नाही, दोन नाही, तीन नाही, चार नाही…” आणि ‘साठ नाही’वर थांबले की स्वयंपाक्यानं साठ पानं मांडायची. बालवाडीतल्या पोरांनी हे उचललं. तीच पोरं पुढे माझ्या पहिलीच्या वर्गात आली आणि गणिताच्या तासाला बोटांवर मोजत ‘एक नाई, दोन नाई’ करू लागली. हेडमास्तरांनी मला बोलावून विचारलं की ही कोणती नवीन पद्धत काढली तुम्ही.

साहेबांची बायको मी यायच्या दोन वर्षं आधी वारली होती. तिला सगळं गाव बाई म्हणायचं. तळ्याच्या पलीकडे तिची एकटीची कबर होती, भोवती साहेबांनी स्वतः ठोकलेलं सागवानी कुंपण. रोज सकाळी ते तिकडे चक्कर मारून मगच केंद्रात यायचे. त्यांच्यात मेलेल्या माणसासाठी एक प्रार्थना म्हणतात, कद्दिश. ती एकट्यानं म्हणायची नसते. दहा ज्यू पुरुष हजर लागतात, मधे मधे त्यांनी आमेन म्हणायचं असतं. नऊ असले तरी चालत नाही. बाईला माती दिली तेव्हा साहेबांशिवाय तिथं कुणी ज्यू नव्हता.

“मग मुंबईला जाऊन म्हणा की,” मी त्यांना म्हटलं होतं.

“म्हटली ना, सिनेगॉगमध्ये जाऊन म्हटली. पण ती झोपली आहे मूलमध्ये. तिच्या उशाशी एकदा म्हणायची आहे. मग माझं काही मागणं नाही.”

“अन्‌ या दहांत बायांना मोजत नाहीत?”

“आम्ही कुणालाच मोजत नाही, मास्तरीणबाई.”

“टाळू नका साहेब.”

ते थोडा वेळ टोपी नीट करत राहिले. “ती असती तर तिनंही हेच विचारलं असतं,” म्हणाले.

मुलगा इस्रायलला जाऊन स्थायिक झाला होता. तो पत्रातून बोलवायचा, बाबा इकडे या, इथं एका गल्लीत दहा माणसं मिळतील. साहेब ते पत्र सगळ्यांना वाचून दाखवायचे आणि म्हणायचे, “मी गेलो की इथला समाज शून्य. मग पाटी उतरवावी लागेल, आणि ती केवढी जड आहे!”

आता मलिद्याचं सांगते, कारण त्यावरून मोठं रामायण झालं. माघाच्या पौर्णिमेच्या सुमारास साहेब एलियाहू हन्नबी या त्यांच्या प्रेषिताच्या नावानं मलिदा करायचे. म्हणजे भिजवलेले पोहे, त्यात ओलं खोबरं, गूळ, वेलची, आणि परातीत वर रचलेली पाच तऱ्हेची फळं. प्रार्थना म्हणायची आणि सगळ्यांना वाटायचा. पोहे मूलचे, नव्या धानाचे. साहेब म्हणायचे, असा मलिदा अख्ख्या कोकणात होत नाही. फळ्यावर खडूनं मोठ्या अक्षरांत लिहायचे: ‘मंगळवारी सायंकाळी पाच वाजता केंद्रात मलिदा. सर्वांनी यावे.’

गावाला हे माहीत होतं. पण मराठीत मलिदा खाणं म्हणजे काय हेही सगळ्यांना माहीत असतं. गावातल्या एका पुढाऱ्याला ते गोदाम आपलं धान साठवायला हवं होतं. त्यानं फळ्यावरचा मजकूर उतरवून घेतला आणि चंद्रपूरच्या कचेरीत तक्रार केली, की सदर केंद्राचा समाज अस्तित्वात नाही आणि तिथं दरवर्षी मलिदा वाटला जातो, तोही उघड फळ्यावर लिहून.

कागद वर्षभर फिरला. मग पत्र आलं, अधिकारी येऊन तपासणी करतील. मलिदा प्रकरणाचा खुलासा करावा आणि समाज धार्मिक कार्यासाठी केंद्र वापरतो हे प्रत्यक्ष दाखवावं, अन्यथा जागा परत घेतली जाईल.

मला धडकी भरली. साहेबांनी शांतपणे उत्तर लिहिलं: ‘अमुक मंगळवारी पाच वाजता यावे. मलिदा त्याच वेळी असतो, रंगेहाथ सापडेल. आमच्या धर्मात सामूहिक प्रार्थनेस दहा पुरुष लागतात. तेही दाखवतो.’

“कुठून दाखवता?” मी ओरडलेच.

“बोलावतो ना. इतकी वर्षं मी कुणाला बोलावलंच नाही, मास्तरीणबाई. एकट्या बाईसाठी लोकांना कशाला त्रास, असं वाटायचं. आता केंद्राचं काम आहे.”

बल्लारशाला रेल्वेत काहीजण होते, भद्रावतीच्या कारखान्यात दोघे-तिघे, नागपूरला एक निवृत्त गार्ड. साहेबांचा हात कापायचा म्हणून पाकिटांवर पत्ते मी लिहिले, आणि माझ्या सवयीप्रमाणे वहीत उतरवूनही ठेवले. नऊ पत्रं गेली. सगळे आले तर साहेबांना धरून बरोबर दहा होणार होते. साहेबांच्या अंगात त्या पंधरवड्यात नवं बळ आलं होतं. तपासणी झाली की दुसऱ्या दिवशी सकाळी दहाजण तळ्यापलीकडे जाणार, हे त्यांनी मनात पक्कं केलं होतं.

गावाची घालमेल निराळी होती. पाटी कोरणारे सुतारभाऊ माझ्यादेखत साहेबांना म्हणाले, “साहेब, एखादा नाई आला तं मले लिवून टाका ज्यू. मी कोनालेच सांगत नाई.”

“तू सांगणार नाहीस रे, पण मला माहीत असेल ना.”

“तुमी बी नका सांगू.”

मंगळवारी दुपारपर्यंत आठजण आले. कुणी रेल्वेच्या निळ्या शर्टात, कुणी सफारीत, आणि सगळे आपल्यासारखंच मराठी बोलणारे. बालवाडीच्या बाईला याचं फार आश्चर्य वाटलं. नागपूरच्या गार्डसाहेबांचा पत्ता नव्हता. चार वाजता निरोप आला, त्यांची एस.टी. सिंदेवाहीच्या पुढे बंद पडली आहे. साहेबांना धरून नऊच.

पाचला अधिकारी आले. तरुण होते, फाईल घट्ट धरलेली.

“मलिदा कुठे आहे?”

“हा काय.” साहेबांनी परात पुढे केली.

अधिकारी परातीकडे पाहत राहिले. “हे तर पोहे आहेत.”

“पोहे, खोबरं, गूळ, वेलची. खोबरं जरा जाड किसलं गेलंय, बायांनी घाई केली.”

“पण तक्रारीत मलिदा लिहिलंय.”

“मलिदाच आहे. आमच्याकडे असा असतो. तुमच्याकडे कसा असतो?”

माझ्या शिवणवर्गातल्या बाया पदर तोंडात कोंबून हसत होत्या. अधिकाऱ्यांचे कान लाल झाले. त्यांनी पान उलटलं. “समाजाची संख्या?”

“आम्ही माणसं मोजत नाही.”

“रकाना आहे. भरावा लागतो.”

साहेब उठले आणि सतरंजीवर ओळीनं बसलेल्या माणसांकडे पाहून म्हणू लागले, “एक नाही, दोन नाही, तीन नाही…”

“म्हणजे नाहीतच का?” अधिकारी गोंधळले. मग त्यांनी स्वतःच बोटानं मोजलं. “तुम्हाला धरून दहा दिसतात की. ठीक. दहा लिहितो.”

मी ओळीकडे पाहिलं. शेवटी पांढरी टोपी घालून, मान खाली घालून सुतारभाऊ बसले होते. कधी येऊन बसले, कुणाला कळलं नव्हतं. दहा लिहिलं की काम झालं, केंद्र वाचलं. मी मनात म्हटलं, साहेब, एकदाच, फक्त एकदाच गप्प बसा.

साहेब सुतारभाऊंजवळ गेले आणि त्यांच्या खांद्यावर पेरानं टकटक केलं. “हा भरीव आहे, साहेब. असा माणूस तुम्हाला जिल्ह्यात मिळणार नाही. पण हा ज्यू नाही. आम्ही नऊ आहोत. आणि आमच्यात नऊवर सामूहिक प्रार्थना होत नाही.”

इतका राग मला आयुष्यात कुणाचा आला नसेल. सुतारभाऊ उठून बाहेर निघाले तेव्हा त्यांचे डोळे भरले होते. साहेबांनी त्यांचा दंड धरला. “जातोस कुठे? मलिद्याला दहा लागत नाहीत. बस.”

मलिद्याची प्रार्थना झाली. अधिकारी उभ्यानं ऐकत होते. मग ते हॉलभर फिरले. कोपऱ्यातली शिलाई यंत्रं पाहिली, बालवाडीच्या पाट्या पाहिल्या, वाचनालयाच्या वहीतली नावं वाचली. एका म्हातारीला त्यांनी विचारलं, “आजी, तुम्ही इथं कशाला येता?”

“काऊन जी? आपलाच हॉल हाये,” म्हातारी म्हणाली.

जाताना बायांनी त्यांच्या हातात द्रोण दिला. त्यांनी खाल्ला आणि पुन्हा मागून घेतला. तपासणीला आलेल्या साहेबानं दोनदा मलिदा खाल्ला, हे मूलमध्ये पुढे कित्येक वर्षं चघळलं गेलं. महिन्याभरानं अहवाल आला: ‘मलिदा आढळून आला. तो खाद्यपदार्थ आहे. समाज अल्प असला तरी केंद्राचा वापर सर्व समाज करतात. जागा कायम ठेवण्यास हरकत नाही.’

पण गार्डसाहेब येईनात, म्हणून त्या संध्याकाळी सहाच्या गाडीनं आठही जण परतले, दुसऱ्या दिवशी ड्यूटी होती. गार्डसाहेब सातला पोचले, धुळीनं माखलेले. साहेबांनी त्यांच्यासाठी काढून ठेवलेला मलिदा पुढे केला, त्यांच्याकडे बघितलं, मग स्वतःच्या छातीवर हात ठेवला. “एक नाही, दोन नाही,” असं म्हणून ते हसले. त्यांच्या डोळ्यांत पाणी मी तेवढं एकदाच पाहिलं. पुन्हा सगळ्यांना बोलवा म्हणून मी पुष्कळदा मागे लागले. ते म्हणायचे, बोलावू, घाई काय आहे.

घाई होती. चार वर्षांनी, एका सोमवारी सकाळी, बालवाडीची प्रार्थना चालू असताना साहेब दारातल्या खुर्चीतच गेले. पोरांना वाटलं डुलकी लागली.

त्यांच्यात माती लवकर द्यावी लागते. मी घरी धावले आणि ती जुनी वही काढली. माझ्याबरोबर सुतारभाऊ होते. मुलाला तार केली, पण इस्रायलहून तो वेळेत पोचणं शक्य नव्हतं. एक जीप नागपूरला गेली, एक भद्रावतीला आणि बल्लारशाला. ज्या पुढाऱ्यानं तक्रार केली होती, त्याचीही जीप त्यात होती; त्याच्या मुलीचं लग्न याच हॉलमध्ये लागलं होतं. आम्ही वाट पाहिली मंगळवार दुपारपर्यंत. आठच्या आठ आले. गार्डसाहेब काठी टेकत आले. पण साहेब आता मोजण्यात नव्हते. पुन्हा नऊ.

मी केंद्राच्या पायरीवर बसले आणि मला रडू फुटलं. तेव्हा सिमेंटचा ट्रक चालवणारा एक ड्रायव्हर पुढे आला. त्याची बायको माझ्या वर्गात शिवण शिकलेली. “बाई, गडचांदूरच्या सिमेंट कारखान्यात एक नवा इंजिनेर आला हाये. शनिवारी कामावर येतच नाई म्हन्ते. लोकं हासते त्याले.”

मी डोळे पुसले. “काय म्हणालास?”

“शनिवारी काडीबी नाई ओढत म्हन्ते.”

“गाडी काढ,” मी म्हणाले. “आत्ता काढ.”

माती द्यायची जागा बाईच्या शेजारीच होती. सगळं गाव तळ्याच्या काठानं उभं होतं. गार्डसाहेब पश्चिमेकडे बघत म्हणाले, सूर्य आहे तोवर थांबू. पाच वाजले, साडेपाच वाजले. मग रस्त्यावर धूळ दिसली. ट्रकमधून एक पंचविशीचा मुलगा उतरला, बुटांवर सिमेंट, खिशातून टोपी काढून डोक्यावर ठेवत. सुतारभाऊ कुंपणाबाहेर उभे होते, त्यांनाच त्यानं विचारलं, “कोण गेलं?”

“तुमच्या समाजाचा मानूस हाये जी,” सुतारभाऊ म्हणाले आणि त्यांनी फाटक उघडलं.

मी गार्डसाहेबांजवळ गेले. “दोघांसाठी म्हणा,” मी सांगितलं. “बाईची राहिली आहे.”

त्यांनी मान डोलावली. “आधी पाहायला हवं, आहेत का सगळे. आम्ही तर मोजत नाही.”

“मी बघते,” मी म्हणाले. मी त्या दहांत धरली जाणार नव्हते, पण मोजायचं कसं हे मला त्या सगळ्यांपेक्षा जास्त येत होतं. मी कुंपणाशी उभी राहिले आणि एकेका चेहऱ्याकडे पाहत म्हणू लागले. एक नाही, दोन नाही, तीन नाही. मागे बालवाडीची पोरंही हळू आवाजात माझ्याबरोबर म्हणत होती. सात नाही, आठ नाही, नऊ नाही. शेवटी तो सिमेंटच्या बुटांचा मुलगा उभा होता.

“दहा नाही,” मी मोठ्यानं म्हणाले, आणि गार्डसाहेबांनी पुस्तक उघडलं.